शब्द सुचेनासे होतात तेव्हा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



वृद्धांच्या प्रश्नांवर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. त्या अनेक प्रश्नांतून मी एकच निवडला आहे. तो म्हणजे शब्द न सुचणे.

समोर अडकित्ता दिसतो, तो कशासाठी असतो हेही कळते. परंतु त्याचे नाव काही केल्या ओठावर येत नाही. वयोमानाने असे अधूनमधून सर्वांचेच होते. मात्र नित्याच्या वस्तूंची नावे दिवसेंदिवस हरवू लागली, तर तो स्मृतिभ्रंशाच्या विकाराचा आरंभ असू शकतो. मार्सेल मेसुलम या वैद्यकशास्त्रज्ञांनी १९८२ साली अशा सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची भाषा हळूहळू ढासळत गेली, परंतु इतर बुद्धी बराच काळ शाबूत राहिली. तेव्हा शब्द गेला म्हणजे समज गेली, असे मानणे हा त्या माणसावर अन्याय होय.

यावर अलीकडे कवटी न उघडता मेंदूस बाहेरून चेतना देण्याचे प्रयोग होत आहेत. एका पद्धतीत चुंबकीय स्पंदने देतात. हे तंत्र अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे सिद्ध केले. दुसऱ्या पद्धतीत मिठाच्या पाण्यात भिजविलेले स्पंज डोक्यास लावून सुमारे २० मिनिटे १ ते २ मिलिअँपिअर इतका सौम्य विद्युत्प्रवाह सोडतात. 'शॉक' म्हणून ज्याची धास्ती वाटते, तो उपचार हा नव्हे. त्यातील प्रवाह याच्या शेकडो पट असतो. येथे रुग्ण जागा असतो, बोलत असतो. त्वचेस थोडी खाज वा मुंग्या येतात, इतकेच.

याचा उपयोग किती? इटलीतील मारिया कोटेल्ली यांनी २००६ साली अल्झायमरच्या १५ रुग्णांवर चुंबकीय स्पंदनांचा प्रयोग केला. चित्रातील क्रिया ओळखून सांगणे त्यांना अधिक साधले. वस्तूंच्या नावांत मात्र तसा फरक पडला नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात किराना त्सॅपकिनी यांनी २०१८ साली विद्युत्प्रवाहाच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथे सर्व रुग्णांकडून शब्दलेखनाचा अभ्यास करून घेतला. काहींना खरा प्रवाह दिला, तर काहींना त्याचा नुसता भास. खऱ्या प्रवाहासह अभ्यास करणाऱ्यांचा लाभ अधिक झाला व दोन महिन्यांनंतरही टिकला. तथापि विकाराच्या सर्व प्रकारांत तो सारखा नव्हता.

यातील मर्म माझ्यासारख्या शिक्षकास तत्काळ पटते. प्रवाह हे पाणी आहे; पेरणी अभ्यासाचीच. न पेरलेल्या शेतास कितीही पाणी दिले, तरी कणीस येत नाही. शिवाय या उपायाने मूळ विकार थांबतो, असे सिद्ध झालेले नाही. म्हणून जाहिरात पाहून घरी यंत्र आणू नये. मेंदूविकारतज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ यांचाच सल्ला घ्यावा. अपस्माराचा त्रास असल्यास, अथवा डोक्यात धातू वा छातीत पेसमेकर बसविलेला असल्यास तो आधीच सांगावा.

परंतु पेरणी आपल्या हाती आहे. नातवंडांची नावे, आवडीचे पदार्थ, रोजची औषधे असे वीस शब्द चित्रांसह एका वहीत लिहावेत आणि रोज थोडा वेळ आजी-आजोबांसह म्हणावेत. शब्द अडला तर तो त्यांच्या तोंडून ओढून घेऊ नये, क्षणभर थांबावे. पाहुण्यांदेखत "ओळखा पाहू हे कोण?" अशी परीक्षा तर कधीच घेऊ नये. हसे होईल या भयाने माणूस आधी बोलणे सोडतो, मग चारचौघांत येणे सोडतो. विकाराने घेतले नसते, तेही असे आपण हिरावून घेतो.

मंडळास माझी एक सूचना आहे. विद्यार्थी-साहाय्य निधीचा लाभ घेणाऱ्या तरुणांनी आठवड्यातून एक तास अशा एखाद्या घरी जाऊन त्या वहीचा अभ्यास घ्यावा. यास द्रव्य लागत नाही, धीर मात्र लागतो. ज्यांनी आपणांस पहिला शब्द शिकविला, त्यांच्या अडलेल्या शब्दासाठी क्षणभर थांबणे एवढे ऋण तरी आपण फेडावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.