‘किती दुखतंय?’ एवढं विचारून भागत नाही

(जागतिक परिचारिका दिनानिमित्त जिंतूर येथील मेळाव्यात परिचारिका, आरोग्यसेविका व आशाताईंपुढे केलेले भाषण)



मी तुमच्या पेशातला नाही. ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली आणि वाड्यावस्त्यांवर काम करू लागलो. पेशंटला दवाखान्यात आणणं, कागदपत्रं करणं, रात्री खाटेजवळ बसणं हे माझं काम. म्हणून तुम्हाला शिकवायला नाही, तर खाटेजवळून जे दिसतं ते सांगायला उभा आहे.

आपल्या तालुक्यातल्या एका आंध समाजाच्या आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात सिस्टरनी विचारलं, “आजी, शून्य ते दहा, किती दुखतंय?” आजी म्हणाल्या, “एक.” कागदावर एक लिहिलं गेलं. रात्रभर आजींनी हूं की चूं केलं नाही. पण कपाळाला आठ्या, पायाची बोटं आवळलेली, खाटेची कड मुठीत घट्ट. पहाटे मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “एकाच जागी दुखतंय लेकरा, म्हनून एक म्हनलं.”

सकाळच्या पाळीच्या सिस्टर स्टूल ओढून शेजारी बसल्या. “आजी, दुखणं मूठभर, टोपलंभर की पोतंभर?” “पोतंभर, बाई.” सिस्टरनी लगेच डॉक्टरांना कळवलं, त्यांनी सांगितलेलं इंजेक्शन शिरेतून दिलं, पायाला उशीचा आधार दिला. अर्ध्या तासाने परत आल्या. “आता?” “टोपलंभर.” पुन्हा डॉक्टरांशी बोलल्या. दुपारी दुखणं मुठीवर आलं आणि आजी दोन घास जेवल्या.

रात्रीच्या सिस्टर काही निर्दयी नव्हत्या. फरक दोनच गोष्टींचा होता: पेशंटला कळेल असं विचारणं, आणि औषध दिल्यावर परत येऊन विचारणं.

शून्य ते दहाची पट्टी चांगलीच आहे. ज्याला समजते त्याला जरूर वापरा. ज्याला समजत नाही त्याला चेहऱ्यांची चित्रं दाखवा, नाहीतर त्याच्या घरातलं माप घ्या. मात्र जे माप सकाळी, तेच संध्याकाळी, आणि तेच कागदावर. नाहीतर पुढच्या पाळीला काय कळणार?

दुखणं कसं आहे, हेही विचारा. आपल्या मराठीत त्याला किती शब्द आहेत! ठणका, कळ, चमक, मुरडा, आग, मुंग्या. पिकलेल्या गळवात ठणका असतो, पोटात मुरडा येतो, आणि आग, मुंग्या म्हटलं की शीर दुखावली असेल अशी शंका घ्यावी. अशा दुखण्याला नेहमीची गोळी पुष्कळदा पुरत नाही. पेशंटचा शब्द जसाच्या तसा लिहा. डॉक्टरांना त्यातून वाट सापडते.

लहान लेकरू सांगू शकत नाही. त्याचा चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, या पाच गोष्टी पाहून प्रत्येकी शून्य ते दोन गुण देण्याची पद्धत आहे. बेरीज दहापर्यंत जाते. बोलता येत नाही म्हणून दुखत नाही असं समजू नये, हे वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपल्या व्याख्येसोबतच नमूद केलं आहे.

कर्करोगाच्या दुखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये औषधांची तीन पायऱ्यांची शिडी सांगितली: पॅरासिटामॉलसारख्या साध्या गोळ्या, मग सौम्य अफूजन्य औषध, मग मॉर्फिन. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये अंमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्तीही झाली. पण डॉक्टर पुढची पायरी चढणार कशाच्या आधारावर? तुमच्या नोंदीच्या. तिथे “एक” लिहिलं असेल, तर पेशंट खालीच राहतो.

आमची माणसं सोसण्यात तरबेज आहेत. “सिस्टरला त्रास नको” म्हणून गप्प बसतात. ड्रेसिंग करायचं असेल, कूस बदलायची असेल, तर औषध आधी द्यायचं का ते डॉक्टरांना विचारून ठेवा. आशाताई, घरी गेलेल्या पेशंटला तुम्हीही विचारा: झोप लागली का? बसता येतं का?

मार्काच्या शुभवर्तमानात बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी आहे. त्याला काय हवं, हे कुणालाही दिसत होतं. तरी येशूने आधी त्यालाच विचारलं आणि त्याला बोलू दिलं. तुमच्या वॉर्डात गर्दी आहे, हात कमी आहेत, हे मी रोज पाहतो. तरीही औषध दिल्यावर एकदा मागे वळून “आता कसं वाटतंय?” एवढं विचारा. त्या आजींच्या रात्रीत तेवढंच राहून गेलं होतं.