शर्यतीतली प्रार्थना



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी 'शर्यतीतली प्रार्थना' असे सांगितले. ते क्षणभर गप्प झाले. हा मास्तर घोड्यांच्या शर्यतीवर बोलणार की काय, अशी त्यांना शंका आली असावी. माझी शर्यत माणसांची आहे आणि तीत पैसा मिळत नाही. जातो मात्र पुष्कळ.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन गोष्टी एका दमात पुऱ्या करणे. हवाई बेटांतल्या ओआहू बेटावर या तिन्हींच्या वेगवेगळ्या शर्यती आधीपासून होत असत. त्या एकाच दिवशी पाठोपाठ कराव्यात, अशी कल्पना अमेरिकन नौदलातल्या जॉन कॉलिन्स नावाच्या अधिकाऱ्याने काढली आणि १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा माणसे पाण्यात उतरली. बारा जण अखेरपर्यंत पोहोचले. अंतरे ऐका: सुमारे ३.८ किलोमीटर समुद्रात पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर ४२ किलोमीटर धावणे. पुढे या शर्यतीला सतरा तासांची मर्यादा पडली. बरोबर निम्म्या अंतराचाही एक प्रकार आहे. २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर तो झाला. आमच्यासारख्यांना तेवढाही पुरून उरतो.

आमच्यासारख्यांना म्हणजे हौशी लोकांना. मी शाळामास्तर. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो, सायकल शाळेत जाण्यासाठी शिकलो आणि धावायला शिकलो तो डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितल्यावर. आजोबांपासून घरात ख्रिस्ती उपासना चालत आली आहे. तेव्हा लोक मला नेहमी विचारतात, "काय हो, शर्यतीत प्रार्थना करता म्हणे. मग नंबर का येत नाही?"

प्रश्न थट्टेचा असला तरी पोकळ नाही. संत पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिताना धावण्याच्या शर्यतीचा दाखला दिला आहे. करिंथच्या जवळच दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत, त्यामुळे वाचणाऱ्यांना तो दाखला चटकन समजला असणार. धावतात सगळे, बक्षीस मात्र एकालाच मिळते, आणि तेही पानांचा मुकुट, जो वाळून जायचा. आता शंभर जण धावत असतील आणि शंभरांनीही देवाकडे पहिला नंबर मागितला, तर देवाने नव्व्याण्णवांना नाही म्हणायचे! अशी प्रार्थना भक्तीपेक्षा वशिल्याच्याच जवळची. हौशी ट्रायथलॉनची गंमत ही की, पहिल्या नंबराचा प्रश्नच नसतो. ठरलेल्या वेळेत जो पोहोचेल त्याला पदक. मग मागायचे काय?

याचे उत्तर मला एका जोगिणीच्या चरित्रात थोडेसे सापडले. सिस्टर मॅडोना बुडर या अमेरिकेतल्या स्पोकेन शहरच्या. जन्म १९३० चा. तेविसाव्या वर्षी मठात गेल्या. अठ्ठेचाळीस वर्षांच्या होईपर्यंत त्या धावण्याच्या वाटेला गेल्या नव्हत्या. एका धर्मगुरूने त्यांना सांगितले की धावण्याने शरीर, मन आणि आत्मा तिन्ही जुळून येतात, आणि बाईंनी ते मनावर घेतले. बावन्नाव्या वर्षी पहिले ट्रायथलॉन, पंचावन्नाव्या वर्षी पहिले पूर्ण अंतराचे. त्यानंतर त्या थांबल्याच नाहीत. पुढे पुढे त्यांच्या वयाच्या बायकांसाठी शर्यतीत गटच नसे. संयोजकांना ते नव्याने उघडावे लागले.

२००६ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांनी हवाईची शर्यत १६ तास ५९ मिनिटे ३ सेकंदांत पुरी केली. म्हणजे दरवाजा बंद व्हायला सत्तावन्न सेकंद उरले होते. बंधूंनो, रात्रीचे बारा वाजत आले आहेत, पहाटे पाण्यात उतरलेली ही म्हातारी बाई अजून धावते आहे आणि तिच्या पुढे शेकडो माणसे केव्हाच पोहोचून झोपीही गेली आहेत! २०१२ साली, बेऐंशीव्या वर्षी, कॅनडातली शर्यत त्यांनी १६ तास ३२ मिनिटांत संपवली. मधल्या काळात वेळेत न पोहोचण्याचेही प्रसंग आले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे धावताना त्यांची प्रार्थना चालू असते. मला वाटते, त्या प्रार्थनेत पाय बळकट कर एवढीच मागणी असती, तर ज्या दिवशी वेळ चुकली त्या दिवशी ती प्रार्थना फुकट गेली असे म्हणावे लागेल. तसे त्यांना वाटल्याचे दिसत नाही. पुढच्या वर्षी बाई पुन्हा पाण्याच्या काठावर हजर!

आता रविवारचा पेच. नोकरी करणाऱ्या माणसाला सरावाला मोकळा दिवस तोच आणि शर्यतीही बहुधा त्याच सकाळी. मिरामारची ती शर्यतसुद्धा रविवारीच झाली. कॅथलिक बांधवांना शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेची सोय असते. आमच्या मंडळीत उपासना रविवारी सकाळीच. मी पहाटे चारला सायकल काढतो, साडेनवाला बाकावर येऊन बसतो आणि उपदेश सुरू झाला की डुलकी घेतो. पाळकसाहेबांनी एकदा विचारले, "मास्तर, तुम्ही देवाला कोणता वेळ देता? उरलेला ना?" मला उत्तर देता आले नाही.

या बाबतीत एरिक लिडलचे नाव निघतेच. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून हा स्कॉटिश धावपटू त्या शर्यतीत उतरला नाही. चारशे मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. सिनेमात दाखवतात की बोटीवर चढताना त्याला ही बातमी कळली. खरे पाहता वेळापत्रक त्याला काही महिने आधीच ठाऊक होते. म्हणजे तो निर्णय भरात घेतलेला नव्हता. इथवरची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पुढची मला अधिक मोलाची वाटते. १९२५ साली तो मिशनरी होऊन चीनला गेला आणि १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत ठेवले. तिथल्या पोरांचे खेळ तो घेई, पण रविवारी नाही. एका रविवारी पोरांनी पंचाशिवायच हॉकी खेळायला घेतली आणि शेवट मारामारीत झाला. पुढच्या रविवारी लिडल पंच म्हणून मैदानात उभा! सोन्याच्या पदकासाठी जो नेम मोडला नाही, तो पोरांची डोकी फुटू नयेत म्हणून मोडला. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी त्याच छावणीत मेंदूतल्या गाठीने त्याचा अंत झाला. छावणी सुटायला तेव्हा सहा महिने उरले होते.

मी माझ्या डुलकीसाठी लिडलचा आधार घेऊ शकत नाही, हे उघड आहे. मी मोडतो तो माझ्यासाठी.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. ती सांगायचीच म्हणून हे व्याख्यान पत्करले. या शर्यतींत सायकलीचा एक नियम असतो. पुढच्या सायकलस्वाराच्या अगदी मागे चिकटून चालवले की वारा तो कापतो आणि मागच्याला फुकट आराम मिळतो. म्हणून हौशी स्पर्धकांना पुढच्यापासून बारा मीटर अंतर ठेवावे लागते. मोटारसायकलीवरून पंच फिरतात. पकडले तर पाच मिनिटे तंबूत थांबवतात. पण नव्वद किलोमीटरचा रस्ता, शेकडो सायकली आणि पंच मोजके. बहुतेक रस्त्यावर तुम्हाला पाहणारे कोणी नसते.

निम्म्या अंतराच्या एका शर्यतीत सत्तराव्या किलोमीटरच्या सुमारास समोरून वारा सुटला. मांड्या दगडासारख्या झाल्या. अशा वेळी श्वासाच्या तालावर तेविसावे स्तोत्र म्हणायची मला सवय आहे. म्हणू लागलो. बरे वाटले. फारच बरे वाटू लागले. पाय हलके झाले, वारा पडल्यासारखा वाटला आणि प्रभू आपल्याला चालवतो आहे अशा आनंदाने माझे डोळे भरून आले. मग वर पाहिले. एका धिप्पाड तरुणाच्या चाकामागे, दोन हातांवर, मी सुखाने चाललो होतो.

इथपर्यंत अनवधान म्हणा. पण दिसल्यावरही मी मागे झालो नाही. दोन-अडीच किलोमीटर तसाच राहिलो, आणि स्तोत्रही म्हणत राहिलो! कोणी पाहिले नाही. साडेआठ तासांच्या मर्यादेत अकरा मिनिटे राखून पोहोचलो, पदक गळ्यात पडले. म्हणजे तंबूत पाच मिनिटे बसूनही मी वेळेत पोहोचलो असतो.

पौलाने त्याच दाखल्याच्या शेवटी आपली एक धास्ती बोलून दाखवली आहे: इतरांना उपदेश करता करता आपणच अपात्र ठरू की काय. लहानपणापासून ते शंभरदा ऐकले होते. कळले त्या रात्री. त्या दिवशी प्रार्थनेने मला बळ दिले असे मी चारचौघांत सांगितले असते, तर सगळ्यांनी ते मान्य केले असते. बळ त्या तरुणाच्या पाठीने दिले होते. प्रार्थनेने काही दिलेच असेल, तर वर पाहण्याची बुद्धी दिली, आणि ती मी बाजूला सारली.

आयोजकांना पत्राने कळवले. शिक्षा रस्त्यावरच होते, निकाल आता बदलत नाही, असे त्यांचे सौजन्यपूर्ण उत्तर आले. पाळकसाहेबांना सांगितले, ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत, म्हणाले, "पुन्हा जाणार का?" पदक घरातल्या खणात आमच्या मंडळींच्या शिवणाच्या रिळांजवळ पडून आहे.

पुन्हा जाणार आहे. येत्या नोव्हेंबरात नाव नोंदवले आहे. बारा मीटर म्हणजे एकापुढे एक लावलेल्या साधारण सात सायकली. शाळेच्या मैदानावर फक्कीने तेवढी रेघ मारून ठेवली आहे आणि शाळा सुटल्यावर तिच्या एका टोकाला उभा राहून दुसरे टोक डोळ्यांत बसवतो आहे. पोरे विचारतात, "सर, हा कुठला खेळ?"