नाक्यावर उभी असलेली गाडी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी त्यांना आधीच सांगून ठेवले की, माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण ट्रकच्या केबिनमध्ये आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. आपला नाशिकचा कांदा देशाच्या हद्दीपलीकडे कसा जातो आणि जाताजाता कोण कुठे अडकतो, एवढेच मला सांगावयाचे आहे.

लासलगाव-पिंपळगावचा कांदा गोण्यांत भरून बांगलादेशाकडे निघतो. रस्ता दोन हजार किलोमीटरच्या आसपास. नागपूर, रायपूर करीत गाडी बंगालमध्ये शिरते आणि जेसोर रोडला लागते. दुतर्फा जुनी, अवाढव्य झाडे; त्यांपलीकडे भातखाचरे, तळी, लहानसे बाजार. आपल्याकडे घाटावरच्या माणसाला एवढे पाणी पाहून नवल वाटते! बनगाव मागे टाकले की पेट्रापोल, आणि पलीकडे बेनापोल. दोन्ही देशांचा जमिनीवरून होणारा सर्वांत मोठा व्यापार या एका रस्त्याने चालतो. घोजाडांगा, महदीपूर, हिली हे नाकेही आहेत, पण लहान.

आता तिथली रीत ऐका. निर्यातदाराचा क्लिअरिंग एजंट कस्टमकडे कागद दाखल करतो. अधिकारी माल आणि कागद पाहून निर्यातीची मंजुरी देतो. तुम्हाला वाटेल, मंजुरी मिळाली, गाडी निघाली ढाक्याला. तसे नाही. आपला ट्रक ढाक्याला जातच नाही. 'कार पास' नावाच्या कागदावर गाडीचा नंबर आणि ड्रायव्हर-क्लीनरची नावे चढतात. त्या कागदावर गाडी बेनापोलच्या आवारापर्यंत जाते, तिथे माल उतरवते आणि रिकामी परत फिरते. गाड्यांनी सरळ पुढे जावे असा एक करार भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांनी १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे केला. माल मात्र अजून हद्दीवरच उतरतो. म्हणून पलीकडचे आवार भरले की अलीकडची रांग थांबते. आपल्या कस्टमचे काम दोन तासांत उरकले तरी ड्रायव्हर तिथल्या तिथेच. जागतिक बँकेने २०२१ साली लिहिले की, पेट्रापोल-बेनापोल ओलांडावयास कित्येक दिवस लागतात. पूर्व आफ्रिकेत तेवढ्याच रहदारीच्या नाक्यांवर सहा तासांहून कमी लागतात. तिकडे केनिया-युगांडाच्या बुसिया नाक्यावर दोन्ही देशांचे अधिकारी एकाच छपराखाली बसतात. आपल्याकडे २०२२ पासून बंगाल सरकारने गाडीची वेळ आधी ठरवून घेण्याची सोय केली. ती चांगली गोष्ट झाली, हे मी मोकळेपणाने सांगतो.

पण रांगेचे दुःख निराळे आणि हुकुमाचे निराळे. १४ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. चारही नाक्यांवर कांद्याच्या गाड्या उभ्या राहिल्या. काही दिवसांनी सूट मिळाली ती कोणाला? ज्यांचे कागद बंदीच्या आधी कस्टमच्या हाती पडले होते त्यांना. जी गाडी त्या दिवशी रायपूरजवळ होती, तिचे काय? तिने मंडीतून कांदा उचलला तेव्हा निर्यात खुली होती, आणि ती पोचण्याआधी दार बंद झाले. कायद्याने तारीख धरली ती नाक्यावरची, मंडीतली नव्हे. सप्टेंबरचा बंगाल म्हणजे पाऊस आणि उकाडा. ताडपत्रीखाली गोण्यांतून पाणी गळू लागते. ८ डिसेंबर २०२३ ला बंदी पुन्हा आली, तीही अशीच एकाएकी.

त्या सप्टेंबरात आमच्या एका ड्रायव्हरचा फोन आला. म्हणाला, "भाऊ, मालक विचारतो कांदा किती सडला. मी जेवलो का, ते कोणी विचारीत नाही." मी मालकाकडे गेलो. मालक दुष्ट नव्हता. त्याच्याही डोक्यावर कर्जाचा हप्ता होता. तो म्हणाला, "फेरीचे पैसे ठरले आहेत, उभे राहण्याचे नाहीत." त्याचे बोलणे हिशेबाला धरून होते, आणि तिथेच माझी जीभ अडखळली.

घरी येऊन मी १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा पुन्हा काढला. (पुढे तो २०२० च्या संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.) दिवसाचे आठ तास त्यात होते. पण 'कामाचे तास' कशाला म्हणावयाचे? गाडी चालते तो वेळ, त्याला जोडून येणारे काम, आणि अड्ड्यावर नुसते हजर राहण्याचा वेळ. हा शेवटचा मात्र पंधरा मिनिटांहून कमी असेल तरच! म्हणजे चौदा मिनिटे थांबलात तर काम, आणि चौदा दिवस थांबलात तर विश्रांती. त्यातही हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच होता. ज्याच्या दारात एकच गाडी, त्याच्या ड्रायव्हरला तोही नाही.

मी अठराव्या वर्षी क्लीनर होतो. शहराच्या जकात नाक्यावर रात्र काढणे म्हणजे काय, हे तेव्हा शिकलो. डोळा लागला की डिझेल जाते, ताडपत्रीची दोरी कापली जाते. त्या झोपेला विश्रांती म्हणणारा माणूस कधी ट्रकखाली झोपलेला नसावा. ते जकात नाके गेले. मुंबईचा शेवटी, २०१७ साली.

आमची मागणी लहान आहे. बिल्टीवर गोण्या, वजन आणि भाडे यांचे रकाने आहेत. त्यांच्याशेजारी आणखी एक रकाना असावा: गाडी नाक्यावर किती वाजता लागली आणि किती वाजता सुटली. दिवसाचा भत्ता आधी ठरवून त्यातच लिहावा. आणि सरकारने बंदी घातलीच, तर मंडीतून निघालेल्या मालाला बिल्टीची तारीख लावावी. आमच्या त्या ड्रायव्हरचे बारा दिवस अजून लिहावयाचे राहिले आहेत.