घट्ट कोळशातील मिथेन आणि तो बाहेर काढण्याचे उपाय

कोळशाच्या थरातला मिथेन एखाद्या पोकळीत साठलेला नसतो. कोळशातील अतिसूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना तो चिकटून असतो. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. एक ग्रॅम कोळशातील छिद्रांचे एकूण पृष्ठफळ शंभर चौरस मीटरच्याही वर जाऊ शकते. त्यामुळे खोलवरच्या पक्व कोळशाच्या एका टनात दहा-पंधरा घनमीटर वायू सहज मावतो. थरातला दाब उतरला की हा वायू भिंतींपासून सुटतो. मात्र सुरुवातीच्या दाबघटीला तो थोडाच सुटतो. मोठा वाटा दाब बराच खाली आल्यावर मोकळा होतो.

सुटलेल्या वायूचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. आधी तो छिद्राछिद्रांतून झिरपत जवळच्या भेगेपर्यंत पोचतो. या झिरपण्याला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दोन भेगांमधले अंतर निम्मे झाले तर वेळ चौथाईवर येतो. पुढे भेगांच्या जाळ्यातून तो विहिरीकडे वाहतो. या नैसर्गिक भेगांना क्लीट म्हणतात. भेगेची रुंदी दुप्पट झाली की तिच्यातून जाणारा प्रवाह आठपट होतो, कारण तो रुंदीच्या घनाशी निगडित असतो. भेग थोडी मिटली तर प्रवाह त्याच हिशेबाने घसरतो. पुढचे सारे उपाय या एका नियमावर उभे आहेत.

खडकातून द्रव किंवा वायू किती सहज वाहतो, याचे माप म्हणजे पारगम्यता. फ्रान्समधील दीजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे अभियंते हेन्री डार्सी यांनी १८५६ साली वाळूच्या थरांवरील प्रयोगांतून या प्रवाहाचा नियम मांडला. त्यांच्या नावाच्या एककाचा हजारावा भाग, म्हणजे मिलिडार्सी, कोळशासाठी वापरतात. अमेरिकेतील सॅन व्हान खोऱ्याच्या उत्तम पट्ट्यात कोळशाची पारगम्यता दहा मिलिडार्सीच्या वर आढळते. चीनच्या शान्शी प्रांतातील छिनश्वेइ खोऱ्यात ती बहुधा एक मिलिडार्सीच्या आत असते, आणि आन्ह्वेइ प्रांतातील ह्वायनानच्या खाणींत मिलिडार्सीच्या हजाराव्या भागापर्यंत उतरते. खोली वाढली की वरच्या खडकाचा भार वाढतो आणि भेगा दाबल्या जातात. ह्वायनानमध्ये त्यात आणखी भर पडते: भूहालचालींनी तिथला कोळसा चुरडून मऊ झाला आहे.

हा वायू काढणे हा केवळ इंधनाचा प्रश्न नाही. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की ते मिश्रण स्फोटक ठरते. २८ मे १९६५ रोजी आजच्या झारखंडमधील धोरी खाणीत झालेल्या स्फोटाने अडीचशेहून अधिक कामगारांचा बळी घेतला. खाणीच्या वायुवीजनातून वातावरणात सोडलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो.

बोअर कोरून त्याला अधिक ताकदीचा निर्वात पंप जोडावा, हा उपाय पहिल्यांदा सुचतो. त्याचा उपयोग मर्यादित आहे. पंप कितीही मोठा असला तरी तो फार तर एका वातावरणाइतका दाबफरक वाढवू शकतो, आणि खोल थरात वायूचा स्वतःचा दाब आधीच त्याच्या वीस-तीस पट असतो. ओढ पुरेशी आहे. अडते ते वाटेवर.

जमिनीवरून कोरलेल्या विहिरीत आधी थरातले पाणी उपसून दाब उतरवतात. मग उच्च दाबाने पाणी सोडून थराला तडे पाडतात आणि ते मिटू नयेत म्हणून त्यांत वाळू भरतात. टणक कोळशात ही रीत चालते. छिनश्वेइमध्ये तिच्या जोडीला थरातून आडव्या जाणाऱ्या विहिरीही कोरल्या जातात. मऊ कोळशात मात्र वाळूचे कण भिंतीत रुततात, कोळशाची भुकटी तडे बुजवते आणि बोअरही ढासळतो. ह्वायनानसारख्या थरात या मार्गावर फार भिस्त ठेवणे चुकीचे आहे.

दुसरा वायू थरात सोडून मिथेन हुसकावण्याचेही प्रयोग झाले. कार्बन डायऑक्साइड कोळशाला मिथेनपेक्षा अधिक घट्ट चिकटतो, म्हणून तो मिथेनची जागा घेतो. पण त्याने कोळसा फुगतो आणि भेगा आवळल्या जातात. सॅन व्हान खोऱ्यातील ॲलिसन प्रकल्पात १९९५ पासून हा वायू सोडला गेला, तेव्हा मोकळ्या समजल्या जाणाऱ्या त्या थरातही वायू आत घेण्याची क्षमता घटल्याचे दिसले. मुळातच घट्ट असलेल्या थरात ही अडचण अधिक जाचक ठरते.

सर्वांत भरवशाचा उपाय भार उतरवण्याचा आहे. एकमेकांवर अनेक थर असतील, तर ज्यात वायूचा धोका कमी आहे तो थर आधी काढतात. त्याला संरक्षक थर म्हणतात. त्याचा कोळसा निघाला की वरचा खडक खचतो, मधले स्तर तडकतात आणि त्यांच्यावरचा वायुमय थर वाकून सैल होतो. त्या थरातल्या मिटलेल्या भेगा उघडतात. ह्वायनानमध्ये अशा थराची पारगम्यता शेकडो, काही ठिकाणी हजारो पट वाढली. विहिरीतून पाडलेला तडा ठरावीक पट्ट्यातच राहतो. इथे अख्खा थर मोकळा होतो.

ही पद्धत शिस्त मागते. सैल झालेल्या थरातून वायू एकदम सुटतो, आणि तो आधी गोळा केला नाही तर खालच्या काम चालू असलेल्या भागातच उतरतो. म्हणून खडकातील बोगदे आणि त्यांतून थरापर्यंत जाणारे बोअर कोळसा काढण्यापूर्वी तयार लागतात. उशीरही चालत नाही. खचलेला मलबा पुन्हा दबत जातो, भार परततो आणि भेगा काही अंशी मिटतात. संरक्षक थरात कोळशाचे खांब सोडले, तर त्यांच्या वरचा आणि खालचा पट्टा पूर्वीपेक्षाही अधिक दाबाखाली येतो. अशा पट्ट्यात शिरणे कामगारांसाठी सर्वांत धोक्याचे.

जिथे थर एकटाच आहे, तिथे हेच काम लहान प्रमाणावर करावे लागते. बोअरमध्ये पाण्याची उच्च दाबाची धार सोडून आजूबाजूला खाचा कापतात किंवा मऊ कोळसा धुऊन काढतात. खाचेकडे सरकायला जागा मिळाल्यामुळे भोवतीचा कोळसा सैल होतो. परिणाम बोअरभोवती काही मीटरच राहतो, त्यामुळे बोअर जवळजवळ लागतात. बोअरचे तोंड नीट बंद करणे तितकेच महत्त्वाचे. फटीतून हवा शिरली की वायू विरळ होतो, आणि स्फोटक प्रमाणाकडे झुकलेले मिश्रण नळातून वाहून नेणे हाच धोका ठरतो.

भारतात या वायूचे धोरण १९९७ मध्ये आले आणि २००७ मध्ये राणीगंजमधून व्यापारी उत्पादन सुरू झाले. झरियातील मुनीडीह खाणीत प्रात्यक्षिक प्रकल्पातून मिळालेल्या वायूवर वीज निर्माण करण्यात आली. झरियात कोळशाचे अनेक थर एकावर एक रचलेले आहेत. त्या दृष्टीने संरक्षक थराची पद्धत तिथे बसण्यासारखी आहे. परंतु वरच्या थरांत बोर्ड-अँड-पिलर पद्धतीने पूर्वी सोडलेले खांब ठिकठिकाणी उभे आहेत आणि काही भागांत जमिनीखालची आग धुमसते. खालचे थर कोणत्या क्रमाने काढायचे, हे ठरवण्याआधी त्या जुन्या खांबांचे अचूक नकाशे हाती असावे लागतात.