सूर्य सर्वांचा, वीज कोणाची?

(पारोळा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बोरी नदीचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे असते; पारोळ्याच्या उन्हाला मात्र खंड नाही. अर्थशास्त्राची जुनी पाठ्यपुस्तके ऊन आणि वारा यांची गणना 'फुकट वस्तूं'त करीत आणि पुढच्या प्रकरणाकडे वळत. खानदेशाच्या अनुभवाने ते प्रकरण पुन्हा उघडले आहे. ऊन फुकट असले, तरी ते ज्या जमिनीवर पडते ती जमीन, त्यातून वीज करणारे यंत्र आणि ती वाहून नेणारी तार ही कोणाच्या तरी मालकीची असतात.

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे पर्यावरणाची कळकळ किती आणि प्राप्तिकर किती, हे तपासण्याजोगे आहे. पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी आरंभी 100 टक्के आणि पुढे 80 टक्के घसारा मिळे. म्हणजे दुसऱ्या धंद्यात नफा कमावणाऱ्याने चक्की विकत घेतली की त्याचा कर वाचे. बक्षीस यंत्र घेण्याला होते, वीज निर्माण करण्याला नव्हे. 2012 साली ही सवलत काढताच देशातील नवी पवनऊर्जा जवळजवळ निम्म्यावर आली. 2014 मध्ये ती परत द्यावी लागली आणि 2017 पासून ती 40 टक्क्यांवर आणण्यात आली. इकडे साक्रीच्या डोंगरांत ज्या वनजमिनीवर चक्क्या आल्या, तिच्यावर आदिवासी आपला कसणुकीचा हक्क सांगत मोर्चे काढीत होते. त्यांना घसारा ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

सूर्याची कथा अधिक कठोर आहे. शिंदखेडा तालुक्यातील विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची सुमारे 5 एकर जमीन वीज प्रकल्पासाठी संपादित झाली आणि मोबदला ठरला सुमारे 4 लाख रुपये. जवळच्याच जमिनीला त्याच्या कित्येक पट रक्कम मिळाल्याची त्यांची तक्रार होती. 22 जानेवारी 2018 रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि 28 तारखेला त्यांचा मृत्यू झाला. फेरमूल्यांकनाची हालचाल त्यानंतरची.

यावरून कोळसाच बरा, असा निष्कर्ष कोणी काढू नये. भुसावळजवळच्या दीपनगरची राख ज्यांनी पाहिली आहे, ते तो काढणारही नाहीत. प्रश्न मालकीचा आहे, आणि त्याचे एक उत्तर याच प्रदेशात तीनशे वर्षांपूर्वी शोधले गेले होते.

पांझरेच्या काठी फड पद्धती होती. नदीवर लहान बंधारा बांधायचा आणि पाटाने, केवळ उताराच्या बळावर, पाणी शेतात न्यायचे. इंजिन नाही, इंधन नाही. परंतु खरी कल्पकता दगडचुन्यात नव्हती, नियमांत होती. लाभक्षेत्राचे तीन-चार फड पाडीत आणि एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घेत. बहुधा प्रत्येक खातेदाराची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असे. त्यामुळे पाणी कमी पडले आणि एकच फड भिजवायचा ठरला, तरी कोणीही सर्वस्वी कोरडा राहत नसे. पाणी देण्याचे काम शेतकऱ्याकडे नसून पाटकऱ्याकडे असे. त्याला मेहनताना सगळे मिळून देत. पुढे नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली, काठच्या विहिरींवर वीजपंप बसले आणि ज्याचा पंप मोठा त्याचे पाणी अधिक, हा नवा कायदा आला. आता तोच पंप सौर होतो आहे. त्याला बिल नाही, म्हणून तो थांबवण्याचे कारणही नाही. केळी-उसाच्या पट्ट्यात भूजलाचे काय होईल, हे निराळे सांगायला नको.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी गावी यावर एक तोड निघाली. सहा शेतकऱ्यांनी 2016 मध्ये सौर पंपांची सहकारी मंडळी काढली आणि उरलेली वीज वितरण कंपनीला विकू लागले. वीज विकली जाते म्हटल्यावर पाणी उपसण्याचा हात आखडतो. सहकाराचे नाव घेतले की सारे साधते, असे अर्थातच नाही. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज संस्था 1969 पासून चालली आणि थकबाकीच्या ओझ्याखाली 2011 मध्ये तिचे वितरण महावितरणकडे गेले. पुढारी आणि थकबाकीदार एकच असले की पाटकरी कोणाला अडवणार?

आता 2023 पासून मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला आहे. त्यात जमीन घेतली जात नाही, भाड्याने घेतली जाते. हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये आणि दरसाल 3 टक्के वाढ. विखरणच्या तुलनेत ही सुधारणा निःसंशय आहे. तरी हिशोब मांडावा. एका मेगावॉटला साधारण 5 एकर जमीन लागते आणि वर्षाला 15 लाख युनिट वीज होते. युनिटला 3 रुपये धरले तर 45 लाख रुपये होतात. त्यांतले जमीनमालकाचे अडीच लाख. यंत्राचे भांडवल आणि व्याज वजा जाता उरते तेवढे बाहेर जाते. ज्या गावात प्रकल्प होतो, तेथील ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख मिळतात, पण ते पहिली तीन वर्षे. पॅनेल पंचवीस वर्षे चालते. उरलेल्या बावीस वर्षांत गावाचा वाटा किती, हे करारावर सह्या होण्यापूर्वी ग्रामसभेत विचारावे लागेल.