दुखावलेला अवयव आणि त्याची चाल

(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



व्यायामाचे वेड वऱ्हाडास नवे नाही. अमरावती येथे वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला, आणि १९३६ साली त्या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. जेथे खेळ तेथे मुरगळणे, लचकणे हे आलेच. आखाड्यात अंग चोळण्याची विद्याही त्यामुळेच नांदली. थकलेल्या स्नायूस ती विद्या हितकर आहे. ताज्या दुखापतीस मात्र तीच घातक ठरते, हा भेद खेड्यापाड्यांत अद्याप पुरता रुजलेला नाही.

मूल निंबाच्या झाडावरून पडते, कोपर सुजते. घरची मंडळी त्यास हाड बसविणाऱ्याकडे नेतात. तो कोपर जोराने चोळतो, ओढतो आणि बांबूच्या कामट्या घट्ट आवळून बांधतो. यात दोन धोके आहेत. चोळण्यामुळे कोपराजवळच्या स्नायूत हाडासारखा कठीण थर धरू शकतो आणि हात कायमचा आखडतो. दुसरा धोका याहून भयंकर. आवळलेल्या बंधनाखाली सूज वाढली की रक्तप्रवाह तुटतो, आणि सुमारे सहा तासांत स्नायू मरू लागतात. पुढे बोटे पंज्यासारखी वळतात. त्या हाताने पाटीवर नीट लिहिता येत नाही. बांधलेल्या हाताची बोटे थंड वा निळसर पडली, बधिर झाली, किंवा ती सरळ करताच मूल किंचाळू लागले, तर बंधन तत्काळ सोडावे व मुलास रुग्णालयात न्यावे. सकाळपर्यंत वाट पाहू नये.

घोट्याच्या साध्या मुरगळण्यास इतका घोर नाही. मूल चार पावलेही टाकू शकत नसेल, किंवा हाडावर दाबताच कळ येत असेल, तर क्ष-किरण तपासणी करावी. एरवी पाय उंच ठेवावा आणि बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावावा. बर्फ नसल्यास माठातील पाण्यात भिजविलेले फडके चालते. तापलेल्या विटेचा शेक पहिले दोन दिवस देऊ नये, त्याने सूज वाढते. जुन्या आखडलेल्या पाठीस वा मानेस मात्र तोच शेक सुख देतो.

तथापि दीर्घ विश्रांती हाही उपचार नव्हे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे विद्यालय निघाले. त्या शास्त्राचे मुख्य साधन यंत्र नसून रुग्णाची स्वतःची हालचाल हेच आहे. विजेच्या उपकरणांचा दबदबा मोठा असला, तरी घोट्याच्या मुरगळण्यात ध्वनिलहरींच्या यंत्राचा विशेष लाभ सिद्ध झालेला नाही. दोन-तीन दिवसांनी वेदना ओसरू लागताच मुलास बाकावर बसवून पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरे गिरवावयास सांगावे. 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत जाताना घोटा सर्व दिशांनी फिरतो, आणि शिक्षकास यापेक्षा सोयीचा व्यायाम कोणता मिळणार? चालणे सुधारल्यावर भिंतीजवळ, आधार हाताशी ठेवून, एका पायावर उभे राहण्याचा सराव द्यावा. दुखापतीत केवळ बंध ताणले जात नाहीत. तोल सावरण्याची जाणही मंदावते, आणि खो-खोच्या मैदानात तोच घोटा पुन्हा मुरगळतो.

हालचालीचे मोल अमरावतीने आणखी एका ठिकाणी पाहिले आहे. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले. १९५९ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. कुष्ठरोगात नस निकामी झाली की करंगळी व तिच्या शेजारचे बोट वाकू लागते. अशा रुग्णास रोज हात साध्या पाण्यात भिजवून, तेल लावून, दुसऱ्या हाताने बोटे हळूहळू सरळ करण्याचा व्यायाम शिकविला जातो. त्यामुळे सांधे आखडत नाहीत, आणि पुढे शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास ती शक्य राहते. गरम पाणी येथे वर्ज्य, कारण बधिर हातास चटका कळत नाही.

वर्गात एखाद्या मुलाची करंगळी लेखणी धरताना वाकडी राहू लागली, अथवा अंगावर फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला, तर ते प्रथम शिक्षकाच्याच नजरेस पडते. मुलास वेगळे न बसविता, चारचौघांत वाच्यता न करता, पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे औषध विनामूल्य मिळते.