घरची वाटणी आणि कंपनीचें दप्तर

एकत्र कुटुंबाच्या पेढीवर तंटा उभा राहिला म्हणजे घरांतील वडील माणसानें मध्यें पडावें, दोघां भावांस समोरासमोर बसवावें, आणि एका कागदावर सह्या होऊन प्रकरण मिटावें, ही रीत जुनी आहे. दुकान, गोदाम, दागिने यांपुरती ती पुरेशीही असते. पण ज्या धंद्यांत लाखों परक्यांचा पैसा गुंतलेला आहे, तेथें?

धीरूभाई अंबानी २००२ सालीं मृत्युपत्र न करतां निवर्तले. मुकेश व अनिल या बंधूंमधील बेबनाव २००४ च्या अखेरीस चव्हाट्यावर आला, आणि २००५ च्या जूनमध्यें मातुःश्री कोकिलाबेन यांनीं तडजोड जाहीर केली. तेल व रसायनें थोरल्याकडे; वीज, टेलिफोन व वित्तव्यवसाय धाकट्याकडे. वरवर पाहतां निवाडा चोख होता. खोट राहिली ती एका नळांत. धाकट्याच्या वीजकेंद्रांना लागणारा वायु थोरल्याच्या कंपनीनें कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रांतून काढून द्यावयाचा होता. त्याचें परिमाण, दर व सतरा वर्षांची मुदत त्या घरगुती कागदांतच ठरली होती. पुढें सरकारनें पुष्कळच चढा दर मंजूर केला. दोन्ही बाजू तोंवर न्यायालयांत गेल्याच होत्या.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ७ मे २०१० रोजीं लागला. आई व दोन मुलगे यांच्यामधील तो कागद भागधारकांपुढें कधीं आलाच नव्हता, म्हणून कंपनीवर तो बंधनकारक नाहीं. आणि समुद्रतळींच्या वायूचा दर सरकारी धोरणाप्रमाणेंच ठरावयाचा. आईचा शब्द घरांत मोडणें कठीण गेलें असतें. कंपनीच्या दप्तरीं मात्र त्याची नोंदच नव्हती. परस्परांच्या धंद्यांत न शिरण्याचें बंधनही दोघांनीं त्याच महिन्यांत रद्द केलें.

मुंबईच्याच गोदरेज घराण्यानें वाट निराळी धरली. १८९७ मध्यें कुलुपांपासून सुरू झालेल्या या धंद्यांत मतभेद होते ते मुख्यतः विक्रोळीच्या विस्तीर्ण जमिनीविषयीं. आणि मुंबईंतील जमीन ही कांहीं हलकी गोष्ट नव्हे! तरीहि ३० एप्रिल २०२४ रोजीं वाटणी जाहीर झाली ती न्यायालयाची पायरी न चढतां. भागबाजारांत नोंदलेल्या कंपन्या आदि व नादिर यांच्याकडे, गोदरेज अँड बॉइस व तिची जमीन जमशेद व स्मिता यांच्याकडे. एकमेकांच्या संचालक मंडळांतील जागा सोडण्यांत आल्या, भागांची अदलाबदल ठरली. आणि गोदरेज हें नांव दोन्ही शाखांनीं चालवावें, हेंही मुक्रर झालें.